पाचवीच्या आत

मनकर्णाबाईने शकुमावशीच्या गळ्यात हात टाकले आणि दारातच हेल काढला.

"अवं माह्ये माये, कोनाच्या भरोशावर टाकून गेली वं मले..."

शकुमावशी समुद्रपूरच्या मोटारीतून उतरून फाट्यापासून उन्हात चालत आली होती. धाप लागलेली, तरी तिनेही लगेच वरचा सूर धरला. "माह्ये रुख्मा बहिनी, संकरातीले भेटू म्हने वं तू..." दोघी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झुलत होत्या. डोळे खरोखरच वाहत होते, त्यात खोट नव्हती. पण मनकर्णाबाईची नजर, भरलेली असली तरी, मावशीच्या खांद्यावरून थेट चुलीकडे लागली होती. तिथे तिची भावजय सुलोचना चहा गाळत होती. डोळे कोरडे ठक्क.

मनकर्णाबाईच्या मायला, रुख्माबाईला, जाऊन चार दिवस झाले होते आणि सून अजून रडली नव्हती.

आता ही काही साधी गोष्ट नाही. त्या भागात मयतीच्या घरी बाई आली की गळ्यात पडून रडते, आणि नुसती रडत नाही, सुरात बोलत रडते. त्यात रुख्माबाई म्हणजे तर काय विचारता! कोणाकडे मयत झाली की आधी तिला निरोप जायचा. ती आल्याशिवाय रडण्याला रंग चढायचा नाही. गेलेल्याने कोणाला ताक दिलं, कोणाची पोर उजवली, कोणाचं बोलणं मुकाट्याने सोसलं, सगळं तिच्या हेलात यायचं. मेलेलं माणूस कसं होतं हे गावाला तिच्या रडण्यातून कळायचं. अशा बाईच्या प्रेतापाशी तिचीच सून दगडासारखी बसून राहिली, तर बाया बोलणार नाहीत?

मनकर्णाबाईच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली होती. माय चार महिने अंथरुणावर होती. भाऊ भैयाजी दिवसभर वावरात, घरात या दोघीच. कोण पाहायला होतं? प्रेताला आंघोळ घालताना मायच्या पाठीवर एक चट्टा दिसला नव्हता, नखंसुद्धा कापलेली होती. पण संशय एकदा शिरला की असल्या गोष्टी त्याला दिसत नाहीत. मनकर्णाबाईला वाटलं, शेवटी शेवटी केलं असेल, लोकांना दाखवायला.

तिने शेजारच्या धुरपताला परसात गाठलं.

"मायले वेळेवर जेवाले भेटे काय व?"

"आता बाप्पा, आमी का पाह्याले येत होतो घरात?" धुरपता म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "पन येवढी मयत झाली अन् सुनेच्या डोयाले पानी नाई, असं मी तरी नाई पाह्यलं बाई."

झालं. मनकर्णाबाईला एवढं पुरे होतं. तिने धुरपताला सांगून टाकलं, तेरवीला सगळे सोयरे जमतील तेव्हा चारचौघांत विचारते हिला, आणि एकदाचं या घरचं पाणी सोडते. माय गेली म्हणून माहेर जात नाही, भाऊ-भावजय असतात. पण मायचे हाल करणारी भावजय असेल तर कोणत्या तोंडाने यायचं?

त्यात आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रोज दिवस कलायच्या वेळी सुलोचना तांब्या घेऊन गोठ्यामागे जायची. तिथे सीताफळाचं एक झाड होतं, बाकी काही नाही. परत यायची तेव्हा तांब्या रिकामा आणि हाताला माती. मनकर्णाबाईला एकदम मायची सोन्याची एकदाणी आठवली. मायच्या गळ्यात ती नव्हती, पेटीतही नव्हती. अस्सं! कुठं पाणी मुरतंय ते आता दिसलं.

तेरवीच्या आदल्या दिवशी ती मागोमाग गेली. सुलोचना सीताफळाच्या बुडाशी बसून मातीचं ढेकूळ हाताने फोडत होती.

"काय पुरलं व इथं?"

सुलोचना दचकली, पण उठली नाही.

"मायची एकदानी कुठं हाय?"

"तुमच्या भावापाशी हाय, बाई. मायनं तुमच्याच नावानं ठेवाले सांगतली. मांगून घ्या."

"मंग इथं काय हाय?"

सुलोचनाने तिच्याकडे असं पाहिलं की मनकर्णाबाईला आपणच काहीतरी चोरल्यासारखं झालं.

"तुमाले मायनं नाई सांगतलं?"

"काय नाई सांगतलं?"

"पोट्टी हाय माही."

मनकर्णाबाईला क्षणभर काही उमजलं नाही. मागच्या पोळ्याच्या सुमारास निरोप आला होता खरा, सुलोचनाचं पोट वाया गेलं म्हणून. हळहळ करून ती आपल्या कामाला लागली होती.

"वाया नाई गेलतं," सुलोचना म्हणाली. "झालती. चांगली रडत होती. दूध पेली. पाचवीच्या आधल्या रातीले गेली."

मग मनकर्णाबाईला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. त्याच्या आत गेलेलं लेकरू धरतच नाहीत. त्याचं सुतक नाही, नाव नाही, कोणाला निरोप नाही. घरामागे मातीत ठेवायचं आणि पुढे व्हायचं. आणि आईने रडायचं नाही, रडली तर पुढच्या लेकराला बाधतं. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. हे असं कोणाच्या तोंडून ऐकावं लागेल हे मात्र माहीत नव्हतं.

"मी वरडली तवा मायनं माह्या तोंडावर हात ठेवला," सुलोचना खाली पाहत म्हणाली. "असा दाबून. लय वेळ. म्हने, गप, पोरी. मीबी दोन ठेवले, एक आसू नाई काढला."

"कोनं? मायनं?"

"हो. तुमच्या आंधीचे."

मनकर्णाबाई या घरातली थोरली म्हणून वाढली होती. थोरली म्हणून तिने मार खाल्ला, थोरली म्हणून भावाला कडेवर वागवलं. आणि माय! दुसऱ्याच्या दारी छाती पिटून रडणारी माय. साऱ्या तालुक्याची मयत हिच्या गळ्यात यायची, ती काय उगीच?

"म्या मायचं सारं केलं, बाई. राग नाई धरला," सुलोचना म्हणाली. "ती गेली तवा रडू वाटलं. पन तोंड उघडलं का तो हात येते. आवाजच नाई निंगत. लोकं काय म्हनून राह्यले ते समजते मले."

मनकर्णाबाईला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. तो उचललाच गेला नाही. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला स्वतःची लाज वाटली.

तेरवीला ओसरी बायांनी भरली. जेवणं आटोपली, पुरुष मांडवात सुपारी कातरत बसले. धुरपताने आपलं काम चोख केलं होतं. मनकर्णा आज बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शकुमावशीने तर पाय पसरायला जागा करून घेतली होती. सुलोचना दारापाशी, उठून जाता येईल अशी बसली होती.

मनकर्णाबाई उठली. ती सरळ सुलोचनापाशी गेली, खाली बसली आणि तिच्या गळ्यात हात टाकले. सुलोचनाचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

"अवं माह्ये..." तिने हेल काढला आणि ती अडली. रडायला नाव लागतं. तिने तोंड भावजयीच्या कानाशी नेलं.

"नाव काय ठेवलं होतं?"

"बारसं कुठं झालं, बाई."

"मनात ठेवलं असशीन ना?"

सुलोचनाचे ओठ हलले.

"कुंदा."

"अवं माह्ये कुंदे," मनकर्णाबाईचा आवाज ओसरीभर झाला, "आत्या आली वं तुही, लय उशिरा आली वं. दूध पेऊन गेली वं तू, कोनं नाई पाह्यलं तुले..."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. धुरपताने शेजारणीला कोपर मारलं. "कुंदा कोन व?" कोणाला माहीत नव्हतं. शकुमावशीलाही नव्हतं. पण सूर रुख्माचा होता, आणि त्या सुराला दुसरा सूर लावायची तिला जन्माची सवय होती. तिचं तोंड आपोआप उघडलं. "अवं माह्ये कुंदे..." मागून आणखी दोघी-तिघींनी उचललं.

सुलोचनाचा हात स्वतःच्या तोंडावर गेला होता, घट्ट. मनकर्णाबाईच्या खांद्याला त्याची बोटं लागत होती. तिने तो ओढून काढला नाही, नुसती मिठी आवळली. मग त्या हाताच्या आडून काहीतरी फुटलं. त्याला सूर नव्हता की शब्द नव्हते, एखाद्या पहिलटकरणीला कळ यावी तसा तो आवाज होता. बाया समजल्या. कुंदा कोण, कुठली, केव्हाची, हे न सांगता समजल्या.

धुरपता तेवढी बाहेर राहिली होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं, ते सुटलं.

"अरे माह्या दशरथा..." ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला.

धुरपताच्या घरी दशरथ नावाचं कोणी नव्हतं. गावातही नव्हतं. शकुमावशीने डोळे न उघडता तेही नाव सुरात घेतलं.