एकाच माणसाची सरासरी

घरात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत, पण डॉक्टर व्हायला अजून बराच अवकाश होता. "ही डॉक्टर झाली तरी आपलं पडसं काही बरं व्हायचं नाही," असं धाकटा भाऊ आल्यागेल्याला सांगायचा आणि तीही हसायची. कामाच्या ठिकाणी माणसं कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. विद्यापीठात त्याला भलंमोठं नाव होतं. भावाच्या भाषेत सांगायचं तर, साहेबापुढे दातखीळ का बसते.

त्यासाठी तिने एका मोठ्या रुग्णालयाची लाँड्री निवडली होती. तिथे बासष्ट माणसं होती: काही तळघरात मळके कपडे निवडायला, काही धुलाईला, काही इस्त्रीला. सुरुवातीला तिच्याशी कोणी धड बोलेना. ही वरून पाठवलेली असणार, अशीच सगळ्यांची समजूत. ती मोडली इस्त्रीतल्या काकूंनी. चोवीस वर्षं त्या गरम रोलरमध्ये चादरी सरकवत होत्या. त्यांनी तिला उपड्या टोपलीवर बसवलं, आपल्या डब्यातलं खायला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरी, यात आमचं नाव कुठे येणार नाही ना?"

"नाही काकू. शब्द देते."

"मग द्या गं हिला लिहून," काकू म्हणाल्या, आणि प्रश्नावलीचे बासष्टच्या बासष्ट कागद भरून आले. कागदावर नावाऐवजी नुसता नंबर होता, आणि त्या नंबराची चिठ्ठी ज्याची त्याच्याकडे.

सगळ्यात खरं काकूंनीच लिहिलं होतं. 'चूक दिसली तर मी न घाबरता सांगू शकते' या वाक्यापुढे एक ते पाचपैकी त्यांनी 'एक' लिहिला, म्हणजे मुळीच नाही. खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'रोलरपुढची हात वाचवायची जाळी काढून काम करायला लावतात. दोघींची बोटं भाजली.'

परवानगीच्या बदल्यात रुग्णालयाला एक अहवाल द्यायचा होता. त्याचा एक साधा नियम होता, आणि तो मार्गदर्शक सरांनी पहिल्याच वर्षी तिच्याकडून घोटून घेतला होता: पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवायचा नाही, नाहीतर माणूस ओळखू येतो. अकरा तक्त्यांत तिने तो डोळ्यांत तेल घालून पाळला. मग लाँड्रीच्या साहेबांचा फोन आला, "नोकरीच्या वर्षांप्रमाणेही एक तक्ता द्या की, मॅडम." मुदतीचा शेवटचा दिवस होता. तिने कॉम्प्युटरला सांगितलं, त्याने तक्ता काढला, तिने तो जोडून पाठवून दिला.

त्याची शेवटची ओळ अशी होती: इस्त्री विभाग, वीस वर्षांहून जास्त नोकरी, माणसं एक, सरासरी एक. शेजारच्या रकान्यात जाळीचं वाक्य जसंच्या तसं. एकाच माणसाची सरासरी! शाळेतलं पोर हसेल असली चूक, आणि केली कोणी, तर संख्याशास्त्रात पहिली आलेल्या बाईने.

तीन आठवड्यांनी ती लाँड्रीत गेली तेव्हा रोलरवर काकू नव्हत्या. त्या तळघरात सापडल्या, रक्ताने आणि ओकारीने भरलेल्या चादरी वेगळ्या करताना.

"साहेबांनी कागद समोर धरला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, इस्त्रीत वीस वर्षांवरचं तुमच्याशिवाय कोण आहे, तुम्हीच सांगा. काय सांगू?"

माफी मागायची म्हणून तिने तोंड उघडलं, पण काकू पुढची चादर उचलायला वळल्या होत्या.

सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, केबिनचं दार लावलं आणि समजावलं. "तो तक्ता प्रबंधात घेऊ नकोस, म्हणजे झालं. विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे गेलीस तर ते सगळ्यांना आपापले कागद परत घ्यायची मुभा देतील. तीन वर्षं पाण्यात जातील तुझी."

"आणि काकू?"

"वाईट वाटतं गं मलाही," सर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

माणसं चुका का लपवतात यावर तिने दोनशे पानं लिहून काढली होती, आणि आता स्वतःच मूग गिळून बसायच्या बेतात होती. तिला लाज वाटत होती. भीतीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीच जास्त होती. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी तिने समितीकडे अर्ज दिला, आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं की चूक माझी आहे.

समितीने रुग्णालयाला कडक पत्र पाठवलं. अहवाल मागे घेतला गेला, आठवड्याभरात काकू रोलरवर परत आल्या. दुपारी पाळी बदलताना तिने सगळ्यांसमोर उभं राहून काय झालं ते सांगितलं, आणि ज्याला हवा त्याने कागद परत न्यावा, असंही सांगितलं. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. एकेक जण आपल्या नंबराची चिठ्ठी दाखवून कागद घेऊन गेला. टेबलावर चौदा उरले. चौदा कागदांवर पीएचडी होत नाही. त्या दिवशी भावाने चेष्टा केली नाही, नुसतं तिचं ताट वाढून आणलं.

दोन महिन्यांनी समितीने नव्याने सुरुवात करायची परवानगी दिली. ती सगळ्यात आधी इस्त्रीत गेली. रोलरची जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि काकू उघड्या रोलरमध्ये चादर सरकवत होत्या. पर्यवेक्षक चार पावलांवर उभा होता.

"काकू," तिने हळूच विचारलं, "ही जाळी अजून काढूनच ठेवतात?"

काकूंनी चादरीचं टोक नीट केलं. तिच्याकडे बघून त्या हसल्या, परक्या माणसाशी हसतात तसं.

"कुठे काय, मॅडम?" त्या पर्यवेक्षकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं छान आहे."