तात्याबाच्या शिंगातलं गार अमृत

तात्याबाच्या मळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तासगावापासनं माणसं येऊन द्राक्षाच्या मांडवाखाली दाटली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या मडक्यातला गार, लाल रस तात्याबा आधी गाईच्या शिंगात ओतायचा, मग काचेच्या पेल्यात. ते शिंग म्हणे आश्विनात शेण भरून वेलीखाली पुरलेलं, चैत्री पुनवेला उकरलेलं.

"चंद्राचं बळ हाय ह्यात!" तात्याबा गरजला. "डाक्टरला शिंग हाय का? न्हाई. मग त्याला तापातलं काय कळतंय?"

पोराच्या हाताला लावलेली राख तो पेल्यात टाकी. लाल रस हिरवानिळा होई. "बाधा उतरली!" मग लिंबू पिळी. रस फसफसून पुन्हा लाल. "इख उकळून गेलं. पाज!"

तारामतीच्या मांडीवर तीन वर्षांची मंगल फणफणत होती. आजचा आठवा दिवस. नवरा पलटणीत, आणि मिरजेच्या इस्पितळात न्यायला गाडी जोडायची तर सासूचा होकार हवा. धोंडुबाईंचं एकच पालुपद, "आदी शिंगाचा गुण बघू."

तारामतीचं लक्ष राखेच्या बटव्यावरनं हलत नव्हतं. काल इथं येऊन गेलेल्या जावेच्या लुगड्यावर हाच रस सांडला होता. धुण्याच्या सोड्यात पदर बुडवला, तर डाग असाच हिरवानिळा झाला होता. ती कॉलेजात शिकत होती तेव्हा लिटमसची पट्टी रंग बदलायची ती अशीच.

"चल, पोरगी आण," तात्याबाने हाक दिली.

तारामती उठली, पण मंगलला सासूपाशी ठेवून. "महाराज, आदी तुमीच हात लावा राखेला."

"मला कशाला?"

"लाव की रं तात्याबा, भितूस का?" मागनं धोंडुबाईंचा गडी केरबा ओरडला.

माणसं हसली. तात्याबाने हात लावला. तारामतीने ती राख पेल्यात टाकली. रस हिरवानिळा!

"आवं, म्हाराजालाच बाधा हाय!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं.

"आता ह्या दगडाची बघा." दगडाला लावलेल्या राखेनेही दुसऱ्या पेल्यात तोच रंग आला. "राखेत धुण्याचा सोडा आहे. सोड्यानं रंग फिरतो, लिंबानं परत येतो, फेसही त्यानंच. बाधा नाही की चंद्र नाही."

"विटाळशी बाई! शिंग कोपंल!" तात्याबा किंचाळला.

"मग माझी पोर गप कशी झोपली?" बनुबाईने विचारलं. तिची लेक मघाशीच रस पिऊन मान टाकून पडली होती.

मंगलसाठी आणलेला थर्मामीटर तारामतीने मघाशी बनुबाईच्या लेकीलाही लावला होता; तोच आता पुन्हा तिच्या काखेत ठेवला. "एकशेतीन. पाजायच्या आधी किती होता, तुम्हीच मघाशी बघितलात."

"एकशेतीनच..."

"ताप तसाच आहे, बनुताई. हा द्राक्षाचा आंबवलेला रस. हलकी असली तरी दारूच ती. गार म्हणून पोरं गटागटा पितात अन् नशेनं पडतात. तुम्ही त्याला गुण म्हणता."

बनुबाईने लेकीला छातीशी घट्ट धरलं. धोंडुबाईंनी मंगलच्या कपाळावर हात ठेवला, तो पटकन मागे घेतला.

"केरबा," त्या म्हणाल्या, "बैलं जुप. बनुलाबी घे. मिरजंला जायाचं."

गाडी निघाली तेव्हा मांडवाखाली तात्याबा एकटाच शिंग पुशीत बसला होता.

आयांनो, ज्याला तुम्ही चमत्कार म्हणता त्याला आधी एक प्रश्न विचारा: हेच दगडावर केलं तर काय होईल? विचारायला भीती वाटली, तरी विचारा. आणि पोराला ताप असेल तर गावाचं वैर पत्करूनही विचारा.