थांबजरा

डायलिसिसची पाळी नोंदवायचं वेबसाइटवरचं पान सोमवारी बंद पडणार, ही बातमी बाईंना खिडकीवालीनं दिली. खिडकीवाली म्हणजे डायलिसिस केंद्राच्या नोंदणीच्या खिडकीत बसणारी.

"वेबसाइट नव्या आवृत्तीवर जातेय, काकू. आपलं पाळ्यांचं प्लगइन तिच्यात चालत नाही म्हणे. मग पुन्हा पहाटेपासून रांग. काकांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "मी बघते."

ती रांग बाईंच्या चांगली लक्षात होती. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, भिंतीला टेकून उभे असायचे. आत सुई टोचायच्या आधीच बाहेर अर्धा जीव जायचा. मग सहा वर्षांपूर्वी ते पान आलं आणि घरबसल्या पाळी मिळायला लागली.

बाई विमा कंपनीत प्रोग्रॅम लिहून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या काळी कार्डाला भोकं पाडून संगणकाशी बोलावं लागे. एक भोक चुकलं की तो रुसलेल्या जावेसारखा दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प. त्यामानानं हे काम सुखाचं. प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, फुकटचं आणि सगळ्यांना खुलं होतं. कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. 'वाटसरू' अशा टोपणनावाच्या माणसानं ते लिहिलं होतं आणि सहा वर्षांत त्याला हात लावला नव्हता. मात्र त्यानं बदल मंजूर केल्याशिवाय केंद्र ते घेणार नव्हतं.

सलग तीन दुपारी बाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसल्या. जुन्या आज्ञा नव्या आवृत्तीनं मोडीत काढलेल्या. एक सांधावं तर तेरा तुटत होतं. तिसऱ्या दुपारी 'थांबजरा' नावाची एक ओळ सापडली. बटण दाबलं की पुढचे तीन सेकंद पान कुणाचं ऐकत नसे, ते या ओळीमुळे. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"आळशी मेला," म्हणून बाईंनी ती उडवून टाकली. पान कसं चटचट चालायला लागलं.

"अहो, जरा इकडे या. खोटी पाळी नोंदवून बघा."

"सुईपण खोटीच ना?" म्हणत मास्तर खुर्चीत बसले.

त्यांनी बटण दाबलं. 'पाळी नोंदली' असं उमटलं, आणि लगेच 'पाळी रद्द'. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. नोंदवायला आणि रद्द करायला बटण एकच होतं. तिसऱ्यांदाही तसंच झाल्यावर मास्तरांनी हात टेबलाखाली घेतला. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवलेला तो हात गेली चार वर्षं कापत होता.

"माझाच हात गं. एकदा म्हणून उचलतो, दोनदा पडतो. इतके दिवस कसं जमत होतं कोण जाणे."

बाईंना मात्र कळलं. कसं जमत होतं, ते त्यांनी आत्ताच पुसून टाकलं होतं.

जुनी ओळ नव्या आवृत्तीला समजत नव्हती, म्हणून तेच काम दुसऱ्या पद्धतीनं लिहायला तासभर गेला. मास्तरांनी पुन्हा दाबलं. बोट दोनदा पडलं, पान ढिम्म. 'पाळी नोंदली.'

बाईंनी सगळे बदल वाटसरूला पाठवले आणि खाली लांबलचक पत्र लिहिलं. आमच्यासारख्यांच्या हातांचा विचार तुम्ही आधीच केलात, तुमचे उपकार कसे फेडू, वगैरे.

रविवारी दुपारी उत्तर आलं. 'सगळे बदल मंजूर. पण खोटं श्रेय घेववत नाही. मंद इंटरनेटवर पान कसं दिसतं ते बघायला मी ती ओळ चाचणीपुरती घातली होती. काढायची राहून गेली. लोक मला शिव्या घालत असतील, असंच आजवर वाटायचं.'

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे मी चार वर्षं एका माणसाच्या विसराळूपणावर जगलो!"

"माझ्या विसराळूपणावर चाळीस वर्षं जगताय, त्याचं कधी कौतुक नाही."

"बरं, मग आता आभार परत घेणार?"

"घेईन बरी! चुकून तहान भागली, म्हणून पाणी खोटं होतं का?"

बाईंनी वाटसरूला तसंच कळवलं. शिवाय एक बदल आणखी पाठवला. त्या ओळीच्या वर टीप होती: 'ही काढू नये. हात कापणारी माणसं हे पान वापरतात.' वाटसरूनं तो दहा मिनिटांत मंजूर केला.

सोमवारी सकाळी मास्तरांनी गुरुवारची पाळी नोंदवली. बोट नेहमीसारखं दोनदा पडलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पडद्याकडे बघत राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या.