मोह वेचणाऱ्यांची रांग

आशाबाईच्या गळ्यातली पोत हलत नव्हती. शेजारी बसलेल्या तिच्या मुलीचा, कमळाचा, पदर संथपणे वर येत होता, खाली जात होता. पोतीचे काळे मणी मात्र दगडावर ठेवल्यासारखे स्थिर होते. इंदुताईंनी रांगेवरून नजर फिरवली. आशाबाईपलीकडच्या तिन्ही बायकांचंही तेच.

होळीला गावात भांडण होऊन काठ्या निघाल्या, तेव्हापासून सगळ्यांनी शाळेच्या अंगणात रोज संध्याकाळी मिळून शांत बसायचं ठरलं होतं. नव्यानं येणाऱ्यांना शिक्षिका इंदुताई श्वास शिकवत.

चौघींनी एकदम हुस्स करून श्वास सोडला. समोरून म्हातारे रामाजी हसले.

"काऊन वं, तळ्यात बुडी मारली होती का?"

"तुमी चूप बसा, भाऊ!" आशाबाई म्हणाली. "बाई, तुमीच म्हटलं ना, शांत बसा. रानात मोहाची फुलं वेचताना झुडपात सळसळ झाली का आमी अशेच बसतो. श्वासाचा आवाज त्याले ऐकू जाते."

'त्याले' म्हणजे वाघाला. मोहाच्या दिवसांत इथं कुणी त्याचं नाव घेत नसे.

इंदुताई हसल्या नाहीत. "इथं तो नाही, आशाबाई. पोटावर हात ठेवा. श्वास येईल तसं पोट फुगू द्या, मग सावकाश सोडा. मन भटकलं तर रागावू नका. परत श्वासाकडे या."

"मन चांद्याले जाते," आशाबाई हळूच म्हणाली.

कमळानं मान खाली घातली. चांद्याला सुइणीच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. वडील लटारू म्हणाले होते, "मायले विचार." माय महिनाभर म्हणत होती, "पाहू." थोरली मुलगी बाळंतपणात गेली होती. म्हणून कमळाला शिकायचं होतं, आणि म्हणूनच आशाबाईच्यानं तिला सोडवत नव्हतं.

पुन्हा सगळे शांत बसले. आशाबाईनं चाचपडत लेकीचा हात धरला नि आपल्या पोटावर ठेवला.

"पोट हालते का, पाह्य," ती कुजबुजली.

पोट आधी आक्रसलं, थरथरलं. मग तळव्याखाली हळूहळू भरून आलं. मायच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तरी श्वास येत होता, जात होता. कमळानं हात काढला नाही.

अंधारू लागल्यावर माणसं उठली. रामाजींनी घोंगडी झटकली. बाकीच्या तिघी "चाल वं आशा" म्हणत फाटकापर्यंत गेल्या. आशाबाई बसूनच राहिली.

"थोरलीच्या वक्ताले गावात कोनी शिकलेली असती, तं..." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कमळाकडे वळली.

"उद्या जाय तू चांद्याले. मी येतो ठेसनावर."