दात दाखव!

सायखेड्याच्या बचत गटातल्या बायकांनी मिश्री सोडायची म्हणून आपापल्या डब्या गोदावरीत सोडल्या आणि जोड्या लावल्या. रोज सकाळी जोडीदारणीला दात दाखवायचे. एकीनं मिश्री लावली की दुसरीही शपथेतून मोकळी.

आज नववा दिवस. पहाटेपासून लंकाबाईला काही सुचेना. अंगण दोनदा झाडून झालं, लवंगा चघळून जीभ पोळली, नवऱ्यावर उगाच खेकसून झालं, तरी बोट आपलं सारखं तोंडाकडंच जाई. मेल्या मिश्रीवाचून पोटसुद्धा साफ होईना! शेजारच्या जोडीदारणीनं, भागीबाईनं, लावली असेल तर देव पावला, असं म्हणत ती तरातरा तिच्या दारात गेली.

"भागे, दात दाखव!"

भागीबाईनं आ केला. जुने डाग होते, पण ताजी काळी बुकणी कणभरही नव्हती. लंकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"आता तू दाखव."

लंकाबाईनं रागानं दात विचकले. भागीबाईचं तोंड पडलं. पाठीमागं मुठीत धरलेली मिश्रीची पुडी तिनं उकिरड्यावर भिरकावली.

"सटवे, तू तरी लावायची व्हतीस! सकाळधरनं वाट बघून ऱ्हायले मी!"