कपिलला पुन्हा खेळवताना

आप्पासाहेब पलूसच्या शाळेत पी. टी.चे मास्तर. सगळा गाव क्रिकेटवेडा, पण या गृहस्थांनी हट्टाने बेसबॉलची टीम काढली आणि पोटच्या पोराला, कपिलला, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, केलं. पंच्याण्णव साली साताऱ्याच्या फायनलमध्ये कपिलचा उजवा खांदा गेला तो गेलाच. तेव्हापासून दोन वर्षं, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन, तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

"नशिबातच हुतं," हे मास्तरांचं पालुपद. वरून ताठ असले तरी आतून माणूस पार खचला होता. खांदा नशिबाने गेला, असं कपिलने एकदा म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

सांगलीत त्यांचा भाचा मिलिंद कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्याच्याकडे अमेरिकेतल्या मित्राने पाठवलेला बेसबॉलचा गेम होता. त्यात जुने संघ, जुने खेळाडू, त्यांचे खरे आकडे. आपल्याला हवा तो खेळाडूही भरता यायचा. मिलिंदने कपिलला भरलं. मास्तर पोराला बळंच घेऊन आले. तो मागच्या खुर्चीवर भिंतीकडे बघत बसला.

"आवं मामा, सेटिंग दोन हायत," मिलिंद म्हणाला. "'इतिहास' ठेवला तर खेळाडू खरा जसा घडला तसाच घडतो. कपिलचा खांदा विसाव्या वर्षी जाणारच, तुमी काय बी करा. 'मोकळी वाढ' ठेवली तर तुमी त्याला कसं खेळवता, किती विसावा देता, त्यावर सगळं. थोडं नशीब बी हाय."

'इतिहास' घेतला असता तर मास्तर तिथेच सुटले असते. पण त्यांना मानाने सुटायचं होतं.

"मोकळी ठेव. जपून खेळवून बी खांदा गेला, तर मग बोल म्हनावं ह्याला, कुनाची चूक ती."

आणि खरंच जपलं त्यांनी. दर सामन्यानंतर चार दिवस विसावा. पडद्यावरचा कपिल एकोणीसचा झाला, विसाचा झाला, त्याचा वेग चढत गेला. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. आपण इथे कशाला आलो, हेसुद्धा विसरले. फायनल आली. शेवटचा डाव, एका रनची आघाडी, आणि पडद्यावर पिवळी ओळ.

मिलिंदने वाचून दाखवली. "पिचर थकलाय म्हनतंय. बदलू का?"

"ऱ्हाऊ दे रं. एवढा एकच डाव."

चौथ्या चेंडूला लाल चौकट आली. ती मिलिंदने वाचली नाही.

साताऱ्याला कपिलने खांदा धरून 'आप्पा, दुखतंय' म्हटलं होतं, तेव्हा मास्तर हेच बोलले होते, 'एवढा एकच डाव.' अक्षरशः हेच. मागे वळायची त्यांना हिंमत होईना.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आप्पा, तवा मी सांगितलं हुतं," कपिल म्हणाला. "आज मशिनीनं बी सांगितलं."

डाव्या हाताने दार उघडून तो निघून गेला.

मास्तर पडद्याकडेच बघत राहिले. "मिलिंद, परत लाव रं," ते म्हणाले. "आता बदलतो त्याला."

मिलिंदने मशीन बंद केलं.