उलट्या काळजांची गल्ली

निरोगी हृदयाच्या आलेखात प्रत्येक ठोक्याला आधी एक बुटकी टेकडी उमटते, मग उंच सुळका, मग एक पसरट टेकडी. पहिली टेकडी म्हणजे विजेची सूचना हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरली. सुळका म्हणजे ती खालच्या कप्प्यांत पोचली. शेवटची टेकडी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होताहेत. यंत्रातून निघालेल्या मावशीच्या कागदी पट्टीवर हे सगळं सारख्या अंतरावर, नेटकं उमटलं होतं. फक्त पालथं.

"उलटं काळीज!" पट्टीबाबा गरजले. गर्दी हळहळली.

बाबांनी कुठूनसं हृदयाचा आलेख काढणारं जुनं यंत्र पैदा केलं होतं. ज्याचं काळीज उलटं, त्याने बाबा ते सुलटं करेपर्यंत उलटं चालायचं, असा त्यांचा दंडक. त्यामुळे पोस्टमन पाठमोरा येऊन भलत्याच दारांना धडकत होता. घड्याळजीची पट्टीही सकाळीच पालथी निघाली होती. तो बिचारा आमच्याकडे पाठ करून उभा होता.

हा घड्याळजी कित्येक वर्षं मावशीला लग्नाचं विचारत होता आणि ती "बघू" म्हणत होती. यंदा ती होकार द्यायच्या बेतात आली, तोच मामाने तिला बाबांकडे आणलं.

"या काळजाने लग्न केलंत, तर नवरा वरातीतूनच परत जाईल," बाबा म्हणाले.

"बघ ताई, मी सांगत नव्हतो?" मामा म्हणाला.

"माझा डबा कोण करणार, तेही सांगत होतास," मावशी पुटपुटली.

मी पुढे झाले. "बाबा, माझंही बघा."

बाबा समोर उभे राहिले. उजव्या हातातला लाल चिमटा त्यांनी माझ्या डाव्या मनगटाला लावला, डाव्या हातातला पिवळा उजव्याला. पट्टी पालथी.

"आता पापाकडे पाठ करा!"

मी वळले. बाबांनी जागेवरूनच चिमटे काढून पुन्हा लावले. आता लाल चिमटा आपसूक माझ्या उजव्या मनगटाला आला. पट्टी सुलटी. टाळ्या.

"आता तुम्ही बसा," मी म्हणाले.

"आम्हाला गरज नाही."

"बसा की!" पोस्टमन ओरडला. "आमची डोकी फुटली इकडे."

गर्दीने बाबांना बसवलंच. मी लाल चिमटा त्यांच्या डाव्या हाताला लावला, पिवळा उजव्याला. पट्टी पालथी.

"अगंबाई, बाबांचंही उलटं! आता घरी कसे जाणार?" मी विचारलं.

"उलटे!" गर्दी एका सुरात म्हणाली.

मी त्यांना न वळवता नुसते चिमटे बदलले. पट्टी सुलटी.

"हे यंत्र दोन हातांमधला विजेचा फरक मोजतं," मी म्हणाले. "लाल चिमटा उजवीकडचा. चिमट्यांची अदलाबदल झाली, की चित्र पालथं पडतं. काळीज असतं तिथेच असतं. चमत्काराला हात जोडण्याआधी वायर कुठे लावलीय, तेवढं बघत जा."

"तरी ताई, घाई नको," मामा म्हणाला. "पट्टीत आणखी काही दोष असला तर?"

मी मावशीला चिमटे नीट लावले. टेकडी, सुळका, टेकडी.

"ठोक्यांची लय ठीक आहे, एवढंच ही पट्टी सांगते," मी म्हणाले. "लग्न कुणाशी करावं, ते नाही."

मावशीने चिमटे काढून मामाच्या हातात दिले.

"घड्याळजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता इकडे तोंड करा. आपण लग्न करतोय."